शेवटच्या वर्गाचं नाव

जॅकेटं आली त्या दिवशी सातुर्निनो शाळेच्या भट्टीत पावाची दुसरी खेप सारत होता. नोव्हेंबरातला मंगळवार होता. मुलं आदल्याच दिवशी घरून पंधरा दिवसांसाठी शाळेत परतली होती, त्यामुळे पाव जास्त लागणार होता. अंगणात ट्रक थांबल्याचा आवाज आला, मग मुलांचा गलका. त्यानं फळी भिंतीला टेकवली, हात पँटला पुसले आणि तो बाहेर आला.

शेवटच्या वर्गाची चौदा मुलं ट्रकभोवती जमली होती. शिंप्याच्या माणसानं गोणी सोडली आणि नावं पुकारून एकेकाच्या हातात जॅकेट दिलं. डाळिंबी रंग, बाह्यांना पांढरे पट्टे. सातुर्निनो पाठ दिसायची वाट बघत उभा राहिला. नाव पाठीवर असतं. वाय्यापाताच्या निवासी शाळेतून दर डिसेंबरात जो वर्ग बाहेर पडतो तो कुणा एका माणसाचं नाव घेतो, आणि पुढं जन्मभर त्या नावानं ओळखला जातो. पोरंबाळं झालेली माणसं बाजारात भेटली तरी एकमेकांना विचारतात, तू कुणाच्या नावाचा. यंदाचं नाव ठरलेलं होतं. जूनमध्ये, सातुर्निनोच्या बायकोला, गुमेर्सिंदाला, पुरलं त्या दिवशी याच चौदा जणांनी मातीच्या ढिगाशेजारी उभं राहून ते ठरवलं होतं.

पहिल्या मुलानं जॅकेट चढवलं आणि तो वळला. पाठीवर सोनेरी धाग्यानं भरलं होतं, इंजिनियर रेनान बारेदा.

सातुर्निनोला आधी वाटलं, दुकानाचं नाव असेल. मग वाटलं, या एका पोराचं जॅकेट दुसऱ्या कुठल्या शाळेचं चुकून आलं असेल. दुसरी मुलगी वळली, तिसरी वळली. पाचव्या जॅकेटपर्यंत तो स्वतःला असंच काहीबाही समजावत राहिला. चष्मा जवळ नव्हता, पण अक्षरं वीतभर होती, चष्म्याची गरज नव्हती.

"ताइता, पाव जळतोय," कुणीतरी म्हणालं. मुलं त्याला ताइता, म्हणजे बाबा, म्हणत.

खरंच जळत होता. चाळीस पाव काळे झाले. ते त्यानं डुकरांना टाकले आणि नवीन पीठ मळायला घेतलं.

गुमेर्सिंदानं त्या शाळेत एकोणीस वर्षं स्वयंपाक केला. साठ-सत्तर मुलं, डोंगरातल्या लांबलांबच्या वाड्यांवरून आलेली, काही सहा-सहा तास चालत. पहिल्या वर्षीची मुलं रात्री रडतात. सकाळी डोळे सुजलेले दिसले की ती त्या मुलाला बटाटे सोलायला चुलीपाशी बसवायची. काही विचारायची नाही. दोन-तीन दिवस बटाटे सोलले की मूल बोलायला लागायचं. उवा झालेल्या पोरींची डोकी तीच विंचरायची. कुणी गव्हाचं सूप पातळ झालं म्हणालं तर म्हणायची, "मग तुझी आई येऊ दे घट्ट करायला." मुलं तिला गुमी मावशी म्हणत. तिला लिहिता येत नव्हतं. दर पंधरवड्याला कोठारातून काय काय काढायचं त्याची यादी ती तोंडी सांगायची आणि यानेत लिहून घ्यायची.

यानेत ही लेओन्सियोची मुलगी. ती दोन वर्षांची असताना तिचं जावळ काढायचा पहिला मान गुमेर्सिंदाला मिळाला होता. पहिली बट कापणारी ती धर्माची आई, हे तिकडं कुणाला सांगावं लागत नाही. त्या दिवसापासून सातुर्निनो आणि लेओन्सियो एकमेकांना कोम्पाद्रे म्हणायला लागले, आणि यानेत सातुर्निनोला निनो आणि गुमेर्सिंदाला निना. ती शाळेत आली तेव्हा वसतिगृहात तिची खाट होती, पण जेवायला आणि अभ्यासाला ती कायम चुलीपाशी. नवराबायकोला मूल नव्हतं. एवढं लिहिलं तरी पुरे.

कबरीपाशी पहिली तीच बोलली होती. "आमचा वर्ग निनाच्या नावाचा," ती म्हणाली, आणि बाकीच्या तेरा जणांनी हात वर केले. त्या दिवशी सातुर्निनोनं ऐकलेलं तेवढंच त्याच्या लक्षात राहिलं. बाकी लोक काय काय म्हणाले ते त्याला आठवत नाही.

जॅकेटं आली त्या संध्याकाळी यानेत जेवणघराच्या पार टोकाला बसली आणि ताट न धुताच निघून गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी सातुर्निनो हेडमास्तर ओचोआंच्या खोलीत गेला.

"बसा, सातुर्निनो."

"उभाच बरा आहे. नाव कुणी बदललं?"

"सभेनं."

"कुठल्या सभेनं?"

"सप्टेंबरातल्या. तुम्ही होतात की."

"सप्टेंबरात मी छपरावर होतो. सगळेच होतो."

जेवणघराचं छप्पर तेव्हा बदललं होतं. पत्रे खाणीच्या इंजिनियरनं, याच बारेदानं, पाठवले होते आणि ते चढवायला सगळ्या पालकांचं आणि शाळेतल्या माणसांचं श्रमदान ठेवलं होतं. हेडमास्तरांनी कपाटातून सभेची वही काढली, पान उघडलं आणि त्याच्यासमोर ठेवली. सातुर्निनोनं या वेळी चष्मा आणला होता. तो सावकाश वाचायचा. वरती श्रमदानाला कोण कोण आलं ते होतं. त्याखाली लिहिलं होतं की यंदाच्या वर्गाला इंजिनियर रेनान बारेदा यांचं नाव द्यावं असं सर्वानुमते ठरलं, आणि दिवंगत स्वयंपाकीणबाईंच्या घरच्यांची त्याला हरकत नाही. दिवंगत स्वयंपाकीणबाई, एवढंच. नाव घातलं नव्हतं. त्याखाली एक्केचाळीस सह्या. एकोणिसावी त्याची, शेजारी निळा अंगठा.

"हा तुमचाच ना?" हेडमास्तर म्हणाले. ते काही वाईट बोलले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं.

"माझाच."

"मग मी काय समजायचं?"

सातुर्निनो अंगठ्याकडे बघत नव्हता. तो अक्षराकडे बघत होता. टपोरं, उजवीकडं कललेलं. चुलीच्या भिंतीला खिळ्यावर टांगलेल्या सगळ्या याद्या त्याच अक्षरात होत्या.

मग त्याला ती संध्याकाळ आठवली. श्रमदान संपलं की वहीत सही आणि अंगठा करूनच घरी जायचं असतं. नाही केला तर गैरहजेरी लागते आणि दंड बसतो, म्हणून सगळे रांग लावतात आणि कुणी वाचत बसत नाही. मागचा माणूस ढोसत असतो, हात गारठलेले असतात, घर लांब असतं. वाय्यापातात कुणी वहीतलं पान वाचून मग अंगठा केला असं कधी झालेलं नाही. अंधारायला लागलं होतं. शाईचा डबा यानेतच्या हातात होता.

"काय गं हे?" त्यानं विचारलं होतं, कारण हजेरीच्या मानानं पान फारच भरलेलं दिसत होतं. "चष्मा घरी राहिला."

"हजेरी, निनो," ती म्हणाली होती. "इथं करा." आणि तिनं त्याचा अंगठा धरून जागेवर टेकवला होता.

त्या आठवड्यात बटाटे सोलायची पाळी शेवटच्या वर्गाची होती. स्वयंपाकाला आता खालच्या गावातली एक बाई येत असे, पण तिला गुडघ्याचा त्रास होता म्हणून दुपारी मुलांबरोबर सातुर्निनोच बसे. विल्बेर नावाचा मुलगा समोर होता. तो एरवी बडबड्या. गेले दोन महिने तो सातुर्निनोशी बोलत नव्हता, आणि सातुर्निनोला वाटायचं, मोठा झाला, मोठी मुलं तशी वागतात.

"जॅकेट बरं बसलं का?" सातुर्निनोनं विचारलं.

"बसलं."

"ऊब आहे का?"

विल्बेरनं सुरी खाली ठेवली. "ताइता, एक विचारू? तुम्ही का हो म्हणालात?"

"कशाला?"

"आम्ही नाही म्हणत होतो. तीन वेळा वर्गात हात वर करून मोजलं. तीनही वेळा गुमी मावशी. मग लेओन्सियो काका वही घेऊन आले. म्हणाले, तिच्या नवऱ्यालाच नको असेल तर तुम्ही कोण. तुमचा अंगठा दाखवला." त्यानं पुन्हा सुरी उचलली. "रोसाउरा तर म्हणाली, म्हाताऱ्यानं पत्र्यापायी बायकोचं नाव दिलं. मी तिला म्हटलं असं बोलू नये. पण मलाही तेच वाटलं."

बाकीची मुलं मान खाली घालून सोलत होती. सगळी ऐकत होती हे सातुर्निनोला कळत होतं. एक वाक्य बोलायचं होतं फक्त. मी वाचलं नाही, मला हजेरी म्हणून सांगितलं. मग कुणी विचारलं असतं, कुणी सांगितलं. त्या तेरा जणांना अजून महिनाभर यानेतबरोबर एकाच वर्गात बसायचं होतं, एकाच टेबलावर खायचं होतं.

"लहान बटाटे वेगळे काढा," तो म्हणाला. "ते उकडायला लागतात."

रविवारी तो लेओन्सियोच्या शेतावर गेला. लेओन्सियो पालक मंडळाचा अध्यक्ष होता आणि सभेच्या वहीवर पहिली सही त्याची असायची. तो बटाट्यांना माती चढवत होता. सातुर्निनोला बघून त्यानं कुदळ टेकवली आणि कमरेची कोकाच्या पानांची पिशवी सोडली.

"ये, कोम्पाद्रे. घे."

"नको."

"पानं नको म्हणतोस म्हणजे फारच रागावलास."

"मला विचारलं का नाहीस?"

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाला असतास."

"मग?"

"मग काय, म्हणून विचारलं नाही." लेओन्सियोनं स्वतः पानं तोंडात टाकली. "हे बघ, मेलेली बाई बँड आणत नाही. छप्पर घालत नाही. चौदा जॅकेटं कोण देणार होतं, तू? पिठाची शिवणार होतास?"

"गेल्या वर्षी जॅकेटं नव्हती. पोरं मेली नाहीत."

"गेल्या वर्षीची पोरं खालच्या गावच्या शाळेसमोर लोकरीच्या पोंचोत उभी राहिली आणि सगळे हसले. तू तिथं नव्हतास, मी होतो."

"ती तुझ्या पोरीची निना होती, लेओन्सियो."

"होतीच. माझ्याच पोरीची. आणि माझ्या पोरीला अबान्कायला नर्सिंगला जागा पाहिजे. बारेदांचा मेहुणा तिथं कारभार बघतो. आता तू सांग, मी काय करायचं होतं? तू असतास तर काय केलं असतंस?"

सातुर्निनोनं विचार केला. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती. "मला माहीत नाही," तो म्हणाला. "पण तिच्या हातून नसतं करवलं."

लेओन्सियोनं त्याच्याकडे न बघता कुदळ उचलली. "अक्षर चांगलं आहे तिचं," तो म्हणाला. "बाकी कुणाला सभेचं लिहिता येतं इथं?"

यानेत त्याला मंगळवारी भेटली, म्हणजे त्यानं तिला गाठलं. जेवणासाठी पाळलेल्या गिनीपिगांच्या खोपट्यात तिची पाळी होती आणि तिथून निघायला एकच दार आहे. ती लसूणघास टाकत होती. अंगात साधा स्वेटर होता.

"जॅकेट काढून आलीस."

"थंडी नाहीये, निनो."

थंडी होती. तिचे हात लाल झाले होते. सातुर्निनो दारातच उभा राहिला. आत गिनीपिग चीं-चीं करत घासावर पडत होते.

"हजेरी म्हणालीस."

तिनं घासाची आणखी एक मूठ टाकली.

"मी विचारलं होतं. काय गं हे, असं."

"बाबा म्हणाले, निनोला नंतर सांगू. छप्पर झालं की."

"मी बाबाला नव्हतं विचारलं."

"नव्हतं."

"मी म्हणालो असतो, वाचून दाखव, तर?"

तिनं उरलेला घास एकदम टाकला. "तरी मी हजेरीच म्हणाले असते," ती म्हणाली.

सातुर्निनोला वाटलं होतं, ती रडेल, किंवा म्हणेल की नाही निनो, वाचून दाखवलं असतं. तसं म्हणाली असती तर त्यानं विश्वास ठेवला असता. त्यासाठीच तो आला होता बहुतेक.

"निना असती तर काय म्हणाली असती?" त्यानं विचारलं.

"म्हणाली असती, नावाचं राहू दे, पोरीला शिकू दे."

"म्हणाली असती," तो म्हणाला. "तिनं दिलं असतं गं. मागायला तरी पाहिजे होतं. तिच्याकडं नाही, तर माझ्याकडं."

"तुम्ही सगळ्यांना सांगणार का?"

"तुला काय वाटतं?"

"विल्बेर म्हणाला, तुम्ही काहीच बोलला नाहीत."

"मग झालं तर."

ती पुढं झाली, त्याच्या हाताला धरायला असावी, पण तो दारातून बाजूला झाला आणि तिला जायला वाट दिली. ती गेली. नंतर कितीदा तरी त्याच्या मनात आलं, की त्या वेळी तिथंच उभं राहायला पाहिजे होतं.

डिसेंबरात निरोपाचा समारंभ झाला. पालक आदल्या दिवशी आले, मुक्कामाला शाळेतच. बायकांनी मका सोलला, बाप्यांनी खड्डा खणून दगड तापवले आणि मांस, रताळी, पावट्याच्या शेंगा मातीखाली शिजायला घातल्या. सातुर्निनोनं तीनशे पाव भाजले. नाही भाजणार असं त्यानं दोन दिवस ठरवलं होतं. पण लांबून चालत आलेली माणसं उपाशी असतात, आणि त्यांचा यात काही दोष नव्हता.

बँड चांगला होता. आठ माणसं, दोन हार्प. जेवणघराच्या नव्या छपराखाली कापडी फलक लावला होता आणि त्यावर ते नाव जॅकेटवरच्यापेक्षाही मोठं होतं. इंजिनियर बारेदा आला. सातुर्निनोला वाटलं होतं, ऐटबाज माणूस असेल. तसा नव्हता. चाळिशीचा, बुटका, डोंगराच्या उंचीमुळं त्याला धाप लागत होती. त्यानं चौदा जणांशी हात मिळवले, प्रत्येकाचं गाव विचारलं. भाषणात म्हणाला, "मला माझ्या आयुष्यात कुणी असा मान दिलेला नाही. आणि मला सांगण्यात आलं की तुम्ही तो एकमतानं दिलात." त्याचा आवाज भरून आला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सातुर्निनोच्या हातात पावाची परात होती, त्यामुळे त्याला टाळ्या वाजवायचा प्रश्न आला नाही.

जेवताना इंजिनियरनं विचारलं, "हा पाव कुणी केला?" कुणीतरी बोट दाखवलं. तो उठून आला. "ताइता, असा पाव मी लिमात खाल्ला नाही. कुणाकडून शिकलात?"

"बायकोकडून."

"कुठं आहेत त्या? त्यांनाही सांगतो."

लेओन्सियो ग्लासात बघत होता. सातुर्निनोला कळलं, या माणसाला कुणी काही सांगितलेलंच नाही.

"नाही आता ती," तो म्हणाला. "जूनमध्ये गेली."

"अरेरे," इंजिनियर म्हणाला, आणि टोपी काढून थोडा वेळ तसाच उभा राहिला. सगळ्या समारंभात तिच्यासाठी टोपी काढणारा तो एकटाच निघाला.

मुलं एकेक करून बापाचा किंवा आईचा हात धरून फलकाखालून चालत गेली. यानेतनं एक हात लेओन्सियोला दिला होता. दुसरा तिनं मोकळा ठेवला होता आणि ती भट्टीच्या बाजूला बघत होती. सातुर्निनो परात घेऊन आत गेला.

मार्चमध्ये ती अबान्कायला गेली. जागा मिळाली होती.

या जूनमध्ये गुमेर्सिंदाला वर्ष झालं. वर्ष झालं की प्रार्थना होते, जेवण होतं, आणि मग शोक उतरवतात. वर्षभर घातलेले काळे कपडे माणसानं स्वतः काढायचे नसतात. धर्माच्या नात्यातल्या कुणीतरी सगळ्यांसमोर ते उतरवायचे आणि रंगीत कपडे चढवायचे, म्हणजे तो माणूस पुन्हा लोकांत आला. कुणाकडून उतरवून घ्यायचे ते ज्याचं त्यानं सांगायचं असतं. गुमेर्सिंदाला पुरलं त्याच आठवड्यात सातुर्निनोनं यानेतला सांगून ठेवलं होतं.

प्रार्थनेला बरेच लोक आले. जुन्या वर्गातली सहा मुलं आली, विल्बेर, रोसाउरा आणि इतर. रोसाउरानं कबरीवर फुलं ठेवली आणि सातुर्निनोला हात न मिळवताच ती मागं जाऊन उभी राहिली. लेओन्सियो बिअरची पेटी घेऊन आला. यानेत रात्रभर बसनं प्रवास करून आली होती. तिच्या हातात निळ्या चौकड्यांचा नवा सदरा होता, घडी न मोडलेला.

जेवणं झाली. प्रार्थना सांगणाऱ्या म्हाताऱ्यानं विचारलं, "हं, शोक कोण उतरवतंय?"

यानेत पुढं आली. सातुर्निनोच्या सदऱ्याच्या वरच्या बटनाला तिनं हात घातला. त्याला तिचा अंगठा दिसला आणि वहीवरचा स्वतःचा आठवला.

"आज नको," तो म्हणाला.

"निनो, लोक बघतायत."

"बघू दे. आज नको."

म्हाताऱ्यानं आणखी कुणी आहे का म्हणून इकडंतिकडं पाहिलं. कुणी पुढं आलं नाही, आणि सातुर्निनोनं कुणाचं नाव घेतलं नाही. लोकांनी थोडा वेळ वाट पाहिली, मग बँड नसल्यामुळं नाचही नव्हता, म्हणून एकेक करून उठले. यानेतनं सदरा खुर्चीवर ठेवला आणि ती संध्याकाळच्या बसनं परत गेली.

आता ऑगस्ट आहे. शोक अजून उतरलेला नाही. त्या तेरा जणांनाही अजून काही सांगितलेलं नाही.